भागीरथाच्या कॉलेजाची सोयरीक

आमच्या अहेरीच्या बाजारात त्या जून महिन्यात एक बातमी मिरचीच्या आधी खपली. देवाजीच्या रुखमाबाईने म्हणे पोरीची सोयरीक एकदम तीन घरी जमवली. तिन्ही घरांना गोड बोलली, तिन्हीकडून मान घेतला, आणि आता जो सोयरा जड पडेल त्याच्या घरी पोरगी घालणार. मिठाच्या दुकानावर ही बातमी तीन घरांची होती. बांगड्यांच्या दुकानाशी पोचेस्तोवर पाच घरांची झाली. एका बाईने तर मला शपथेवर सांगितलं की त्यातला एक नवरदेव तिने स्वतःच्या डोळ्यांनी मोटरीतून उतरताना पाहिला.

बातमी खोटी होती, आणि खोटी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कारण रुखमाबाईच्या घरात आणि माझ्या घरात बांबूचा एक कूड तेवढा आहे. तिच्या बाजूने तो नीट लिंपलेला आहे. माझ्या बाजूची माती पडली ती मी पुन्हा लावली नाही. शेजारधर्म पाळायला बरं पडतं. तर खरं असं की ठिकाणं तीनच होती, पण त्यात नवरदेव एकही नव्हता. एक नागपूरचं कॉलेज, एक वर्ध्याचं, आणि तिसरी चांद्याची मास्तरणी घडवणारी शाळा. मोटरीतून उतरले ते गुणवंतराव, चांद्याच्या एका फंडाचे चिटणीस, आणि त्यांना नातवंडं आहेत.

आता रुखमाबाईबद्दल. धान लावायचं, मोहफुलं वेचायची, हंगामात तेंदूपत्त्याचे पुडे बांधायचे, हे सगळ्या बायांसारखंच. पण तिचं नाव झालं ते सोयरिकी जमवण्यात. अहेरीपासून पार चामोर्शीपर्यंत तिने जमवलेली जोडपी आहेत, आणि त्यातली बरीचशी अजून एकमेकांशी बोलतात. समोरचा माणूस काय देणार, काय लपवणार, हे तो पान तोंडात घालायच्या आत तिला कळायचं. नवरा देवाजी आलापल्लीच्या लाकूड डेपोत राखणदार होता. बाजाराच्या दिवशी घरी यायचा, जेवायचा, "हो" म्हणायचा आणि परत जायचा. "नाही" म्हणायचं खातं त्या घरात एकाच माणसाकडे होतं.

या देवाजीने जन्मात एकदा आपल्या मनाने शब्द दिला, आणि तोही नेमका नको तिथे. त्याचा थोरला भाऊ सिरोंच्याकडे राहायचा. त्याने भागीरथासाठी एक घर हेरून ठेवलं होतं; शेती, बैलजोडी, घरावर कवेलूंचं छप्पर, सगळं ठाकठीक. पोरगी आमच्या हायस्कुलाच्या पहिल्याच मॅट्रिकच्या तुकडीत बसलेली. देवाजी भावाला म्हणाला, आखाडीपर्यंत थांब. तोवर हिच्या पुढच्या शिक्षणाची सोय लागली तर शिकेल, नाही लागली तर सुपारी फोडू. आषाढातल्या पुनवेला आमच्याकडे आखाडी म्हणतात. मॅट्रिकचा निकाल जूनच्या मध्यावर लागणार, आणि त्या साली, म्हणजे अठ्ठावन्न साली, आखाडी आली जुलैच्या अगदी तोंडाशी. देवाजीच्या पगारात तर कॉलेज बसण्यासारखं नव्हतं. म्हणजे स्कॉलरशिप मिळाली तर भागीरथा कॉलेजात, नाही मिळाली तर सिरोंच्यात.

शब्द दिल्याचं कळलं त्या रात्री कुडापलीकडे नुसती भांडी बोलत होती. सकाळी उठून रुखमाबाई हेडमास्तरांकडे गेली, निकालाची वाट न बघता. मी तिथेच पोरांच्या खाकी चड्ड्यांची मापं घेत होतो, म्हणून हे कुडातून ऐकलेलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, "आधी कॉलेज ठरवा, बाई. मग त्या कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी अर्ज करू."

"आधी ठरवून टाकलं तं मंग ते कायले देतीन?"

"म्हणजे?"

"मास्तर, पोरगी तुमालेच देतो म्हणून सांगून टाकल्यावर कोणता सोयरा मांडवाचा खर्च उचलते? आधी कोण काय देते ते इचारा. घर मंग ठरवू."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेपकडे बघितलं.

"पण अर्जात कॉलेजचं नाव लिहावं लागतं."

"तीन अर्ज लिहा. तीन नावं लिहा."

"हे काही बरं दिसत नाही."

"लपवून करून राह्यलो काय आपण? तिघायलेबी लिहा, का आमी बाकीच्या दोघायलेबी इचारून राह्यलो. दुसरंबी कोणी दारात उभं हाये म्हटलं का पोरीची किंमत कळते लोकायले."

मग हेडमास्तर भागीरथाकडे वळले. ती दाराशी उभी होती, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत. "तुला स्वतःला काय शिकायचं आहे? सायन्स, आर्ट्स, का मास्तरीण व्हायचं?"

"माहीत नाई, सर."

"दर परीक्षेत इतके मार्क मिळवणारी मुलगी, आणि माहीत नाही?"

"मी एकबी कॉलेज पाह्यलं नाई सर. न पाह्यल्यातून निवडू कशी?"

हेडमास्तरांनी टाक शाईत बुडवला. तिन्ही पत्रांत रुखमाबाईने जे प्रश्न घालायला लावले ते लग्नाच्या बोलणीतले होते, फक्त नावं बदलून. फी कोणाकडे, खानावळ कोणाकडे, पुस्तकं कोणाकडे. पहिल्या वर्षी दिलं ते दुसऱ्या वर्षीही मिळतं का. आणि शेवटचा असा की हेडमास्तरांचा टाक थांबला: एखाद्या वर्षी पोरगी आजारी पडली, मार्क कमी झाले, तर देणं चालू राहतं, बंद होतं, की परत मागता?

"असं कोणी विचारत नाही, बाई."

"म्हणून तं लोकं मंग रडत बसते."

हेडमास्तरांनी आपणहून चौथा अर्ज भरून घेतला, सरकारी स्कॉलरशिपचा. त्याची यादी खूप उशिरा लागते, त्यावर आखाडीची भिस्त ठेवू नका, असं बजावलं. चांद्याची शाळा रुखमाबाईने का घातली हे मी तिला वाटेत विचारलं. म्हणाली, "एक स्थळ हाताशी असावं, पत्रूभाऊ. मोठं घर हुकलं तं पोरगी घरी तं नाई बसत." पण मास्तरणीच्या शाळेच्या जागा आधीच भरल्याचं उत्तर सगळ्यात पहिले आलं, निकालाच्या आधीच. हाताशी धरलेलं स्थळ हातातून गेलं. रुखमाबाईने पत्र ऐकलं, घडी केली आणि तांदूळ पाखडायला बसली. सूप नेहमीपेक्षा जोरात हलत होतं.

निकाल लागला. भागीरथा पहिल्या वर्गात, शाळेत पहिली. हेडमास्तरांनी पेढे वाटले, आणि बातमी चांद्यापर्यंत जायला वेळ लागला नाही, कारण दोन-तीन दिवसांतच गुणवंतराव मोटरीतून उतरले. चांद्याच्या एका मालगुजार घराण्याने होतकरू विद्यार्थ्यांसाठी फंड काढला होता, त्याचे हे चिटणीस. माणूस सज्जन. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं साखरेचं, आणि चांगल्या कामाची घाई फार. हातात नारळ, पान-सुपारी आणि मुलीला शाईचं पेन.

रुखमाबाईला हे फार आवडलं. पोरीचं कौतुक करायला माणूस आपण होऊन दारात आला, हातात नारळ घेऊन आला. रीत कळणारा माणूस. तिने चटई झटकून टाकली, मला हाक मारली, शेजारच्या चार-दोन म्हाताऱ्यांनाही बोलावलं. मी नसतो बोलावलेला तरी गेलो असतो.

गुणवंतराव म्हणाले, "वर्ध्याच्या कॉलेजात फंडाची व्यवस्था आहे. फी, वसतिगृह, जेवण, सगळं फंडाकडे. काळजीच सोडा."

"पुस्तकं?"

"तीही."

"आणि एखाद वर्षी मार्क घसरले तं?"

"ताई, इतक्या हुशार मुलीबद्दल असा अशुभ विचार कशाला?" असं म्हणून त्यांनी सुपारी काढून ताटात ठेवली. "तुमच्याकडची रीत मला माहीत आहे. पाच माणसं बसली आहेत. सुपारी फोडा, शब्द पक्का करा, मी आज जाऊन कळवतो."

इथे न जाणणाऱ्यासाठी सांगतो. पाच माणसांदेखत सुपारी फोडली की शब्द गेला. मग वाटेत राजाचा मुलगा आडवा आला तरी वळायचं नाही. वळला तर त्या घराशी सोयरीक तर सोडाच, पाणीही कोणी पीत नाही. आणि ज्या बाईची सारी पत शब्दावर चालते, तिने सुपारी फोडून शब्द फिरवला तर दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी दारात उभं करणार नाही.

रुखमाबाईचं तोंड हसरंच राहिलं. आत गेली, फडताळात खडबड केली, बाहेर आली. "बाप्पा, अडकित्ता कुठी गेला कोणास ठाऊक. पत्रूभाऊ, तुमीच नेला होता ना?"

मी जन्मात तिचा अडकित्ता नेला नव्हता. पण कधीकधी शेजाऱ्याने न नेलेलंही कबूल करावं लागतं. "नेला होता," मी म्हटलं, "पण तो माझ्या बायकोने तिच्या भावाकडे दिला. भाऊ गेला आलापल्लीला."

म्हातारे ओठांत हसले. गुणवंतराव काही दुधखुळे नव्हते. त्यांनी सुपारी ताटातच राहू दिली. "ठीक आहे. पुढच्या बाजाराला मी पुन्हा येतो. त्या दिवशी शब्द पक्का झाला नाही तर मला ती जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मूल गावच्या एका मुलाचा अर्ज माझ्या खिशात आहे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "काऊन वो रुखमाबाई, इतकं सगळं देऊन राह्यला माणूस, अन् अडकित्ता सापडेना?"

"सगळं देते तो एका गोष्टीचं उत्तर काऊन देत नाई, ते सांगा."

त्याच आठवड्यात नागपूरचं पत्र आलं. आता ऐका, कारण इथेच सगळा घोटाळा झाला. हेडमास्तरांनी पत्र वाचून दाखवलं: कॉलेजची फी माफी आणि वसतिगृहाची जागा गुणवत्तेवर देण्यात येते, त्यासाठी उमेदवार मुलीने अमुक सोमवारी मुलाखतीस समक्ष हजर राहावे.

"हजर राहावे म्हणजे?" रुखमाबाईने विचारलं.

"तिथे जायचं. चार प्राध्यापक बसतील, हिला बघतील, प्रश्न विचारतील."

रुखमाबाई उठून उभी राहिली. "माही पोरगी त्यायच्या दारी जाऊन उभी राहीन? पाहायले येते तो येते, पोरगी कोणी नेऊन दाखवते काय? उद्या म्हणतीन अहेरीवाल्यायची पोरगी दारोदार हिंडते. पाहायचं असन तं यावं म्हणा इथं. मी पोहे करतो."

हेडमास्तरांनी समजावलं. कॉलेज कोणाच्या घरी येत नसतं. तिथे शेकडो मुलं येतात. पण ती ऐकेना. जिच्या हातून शेकडो सोयरिकी झाल्या, ती आपल्या पोरीच्या बाबतीत रीत मोडणार नव्हती. घरी आल्यावर कुडापलीकडून आवाज आला, "गुणवंतरावायले पाहा. आपल्या पायानं आले. रीत असते ती." मी म्हटलं, "रुखमाबाई, नागपूरचं कॉलेज मोठं आहे, दगडी आहे, उचलून आणायला आलापल्लीचे लाकूड ओढणारे हत्ती लागतील."  पलीकडून कुडाला शेणाचा एक थापा बसला, नेमका मी कान लावतो तिथे.

मग दिवस उडायला लागले. सोमवारी मुलाखत, म्हणजे शनिवारच्या दुपारची मोटर गाठायलाच हवी. आष्टीला नदी, तिथे नावेतून पलीकडे, पलीकडून दुसरी मोटर बल्लारपूरची, मग आगगाडी. आणि शनिवार म्हणजेच बाजार, म्हणजेच गुणवंतराव. वर आभाळ भरून आलेलं. नदी फुगली तर नाव बंद होते. भागीरथा घरात कोणाशी बोलत नव्हती. ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. एक दिवस मी चष्मा नाकावर ठेवून प्रिन्सिपल झालो आणि म्हटलं, "सांग मुली, भारतात कुठे काय पिकतं?" तिने पटापटा सांगितलं. "सागाच्या झाडाचं वय कसं ओळखतात?" तेही सांगितलं, बाप डेपोत होता ना. मग म्हटलं, "आणि आमच्या कॉलेजात का यायचं तुला?"  तेव्हा ती म्हणाली, "पत्रूकाका, पाह्यल्याबिगर काय सांगू?"

शनिवारी दुपारीच गुणवंतराव आले. पाच माणसं बसली. मोटर बाजाराच्या टोकाशी उभी होती आणि ड्रायव्हर चाकाला हवा भरत होता. आणि आलापल्लीहून देवाजी आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की घरचा अडकित्ता हरवला. भल्या माणसाने बाजारातून नवा कोरा अडकित्ता विकत आणला, पितळी मुठीचा, बायकोला आनंद व्हावा म्हणून.

तो अडकित्ता चटईवर ठेवला गेला तेव्हा रुखमाबाईचा चेहरा मी पाहिला. पोरगी तापाने मरणाच्या दारी होती तेव्हाही मी तिला पाहिलं आहे. तेव्हाही ती अशी झाली नव्हती.

गुणवंतराव खुश झाले. "देवाजीभाऊ, तुम्हीच फोडा. बापाच्या हातूनच व्हावं."

"हो," देवाजी म्हणाला, आणि अडकित्ता उचलला.

रुखमाबाईने घाईने विचारलं, "भाऊ, मागच्या येळेस इचारलं होतं. मार्क घसरले तं?"

गुणवंतरावांनी या वेळी टाळलं नाही. टाळणं त्यांच्या स्वभावातही नव्हतं. फक्त गोड दिवशी कडू बोलू नये एवढंच. "आर्ट्सच घ्यावं लागेल. बी.ए. झाल्यावर काही वर्षं फंडाच्या शाळेत शिकवावं लागेल. आणि कुठल्याही वर्षी नापास झाली, तर तोवरचा सगळा खर्च घरच्यांनी परत करायचा. नियमच आहे तो. पण ती नापास होणारच नाही."

 देवाजीच्या हातात अडकित्त्याच्या दोन पात्यांत सुपारी अडकलेली. रुखमाबाईच्या मनात काय चाललं असेल ते सगळ्यांना दिसत होतं. एका बाजूला दारात नारळ घेऊन आलेला, रीत पाळणारा, सगळं देणारा माणूस. दुसऱ्या बाजूला ते दगडी कॉलेज, जे पोरीला दारी बोलावतं. आणि सिरोंच्याचा दीर दोन-चार दिवसांत येणार.

आतून भागीरथा बाहेर आली, हातात भरलेली पेटी घेऊन. पाच माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. "आई, त्यायनं मले पाहायले बलावलं म्हणून तुले राग आला ना?"

"पोरी, आत जा."

"त्यायनं मले पाहायचं काऊन? मी त्यायले पाहायले जातो. मीच तं शिकणार हाये तिथी. पटलं तं पटलं, नाई तं वापस येतो."

बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. रुखमाबाई पोरीकडे बघत राहिली, आणि मग मी जन्मात न ऐकलेलं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं.

"चुकलं माहं." मग देवाजीकडे वळून, "अवो, थांबा जरा. इतके दिवस मी पोरीकडून बोलून राह्यली. या सोयरिकीत आपण पोरीवाले नाई. आपण वरपक्ष आहो. वरपक्ष घर पाहायले जाते, बसते, पाणी पेते, इचारते. अन् पाह्यल्याबिगर सुपारी फोडत नाई."

म्हाताऱ्यांपैकी एकाने मान हलवली. म्हणाला, "रीत तं तेच हाये."

गुणवंतराव सरळ बसले. "ताई, मी स्पष्ट सांगतो. ही मोटर तुम्ही धरली तर मूलच्या मुलाला मी आजच कळवणार. नागपूरने नाही म्हटलं तर तुमच्या हाती काहीच उरणार नाही."

"माहीत हाये, भाऊ."

"मग?"

"त्या पोराचं भलं होवो. कळवा तुमी."

देवाजीने अडकित्त्यातली सुपारी काढली आणि गुणवंतरावांच्या हातात परत दिली. मग तो त्या दिवसाचं, कदाचित त्या वर्षाचं, एकमेव वाक्य आपणहून बोलला. "मोटर निघून जाईल," तो म्हणाला, आणि पोरीची पेटी उचलली.

माय-लेकी मोटरीने गेल्या आणि त्याच रात्री पाऊस कोसळला. रविवारी बाजारभर बातमी की आष्टीची नाव बंद झाली. कोणी म्हणे माय-लेकी अलीकडच्या तीरावरच अडकल्या, कोणी म्हणे नाव वाहून गेली. सोमवार गेला, मंगळवार गेला. सिरोंच्याचा भाऊ येऊन देवाजीच्या ओट्यावर बसला, शेजारी नव्या धोतराचं गाठोडं. मी त्याला चहा पाजला आणि तीन वेळा विचारलं की त्या घरचे बैल कसे आहेत. त्याने तिन्ही वेळा सांगितलं. त्याला वाटलं मला बैलांत रस आहे. मला मोटरीच्या आवाजात रस होता. चौथ्यांदा विचारायला माझ्याकडे धीर नव्हता.

आखाडीच्या आदल्या दिवशी, पूर उतरून नाव पुन्हा सुरू झाल्यावर, मोटर आली. रुखमाबाई उतरली ती चिखलाने माखलेली, पायाला चिंधी बांधलेली. भागीरथा मागून. दोघींच्या तोंडावरून काही कळेना, आणि मी हे विचारण्यात जगातला सर्वांत पटाईत माणूस, पण मी आधी त्यांची पेटीच उतरवून घेतली. दिरानेच विचारलं, "काय झालं?"

"आधी पाणी द्या," रुखमाबाई म्हणाली. ती पाणी प्यायली, सगळं प्यायली, मग म्हणाली, "झालं."

मग हळूहळू निघालं. नाव शनिवारच्या संध्याकाळी शेवटची सुटली, त्यात त्या होत्या. नागपूरला चार प्राध्यापक बसले होते, मधोमध एक पिकल्या केसांच्या बाई. त्यांनी भागीरथाला विचारलं, आमच्याच कॉलेजात का यायचं तुला? पोरगी म्हणाली, "अजून ठरलं नाई. पाहायले आलो आमी." म्हणे दोन प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग पाहा. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या रुखमाबाईने आत येऊन विचारायला सुरुवात केली. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं काय, आजारी पोरीजवळ रात्री कोण बसते, आणि मार्क घसरले तर काय. बाई म्हणाल्या, घसरले तर पुढच्या वर्षीची माफी बंद, पण दिलेलं परत मागत नाही. सरकारी स्कॉलरशिपचंही त्यांनीच समजावलं: ती कॉलेजला चिकटलेली नसते, ज्या कॉलेजात मुलगी जाईल तिथे तिच्यामागे जाते, म्हणून त्या स्कॉलरशिपकडे बघून कॉलेज निवडू नका. आणि भागीरथाने स्वतः एकच गोष्ट विचारली, जी मला वाटतं सगळ्यात शहाणी होती. पुढे मन बदललं तर? तिला सांगण्यात आलं, सायन्समधून आर्ट्सला जाता येतं, आर्ट्समधून सायन्सला येता येत नाही.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. तिचं नाव होतं. फी माफ, वसतिगृहाची जागा. रुखमाबाईने तिथेही लगेच हो म्हटलं नाही. चार दिवस जागा धरून ठेवा म्हणाली, आणि येताना वर्ध्याला उतरून तेही कॉलेज पाहून आली. तिथल्यांनाही सांगितलं की नागपूरने जागा दिली आहे. तेही फी माफ करायला तयार झाले, पण वसतिगृहाचं म्हणे फंडवाल्यांना विचारा. मग रेल्वेच्या फलाटावर भागीरथा म्हणाली, "नागपूर. सायन्स. पटलं नाई तं बदलता येते."

दीर गाठोडं बांधून उठला. भला माणूस होता. जाताना पोरीच्या हातावर काहीतरी ठेवून गेला.

जुलैत भागीरथा निघाली तेव्हा मोटरीपाशी अर्धी अहेरी जमली होती. तिच्या अंगातला परकर-पोलका मी शिवलेला, आणि हे मी सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यात त्याच मोटरीतून गुणवंतराव उतरले, दुसऱ्याच कोणाच्या तरी कामाने आलेले. राग त्यांच्या मनात नव्हता. मूलच्या पोराने जागा घेतली होती. त्यांनी भागीरथाच्या डोक्यावर हात ठेवला, मग रुखमाबाईला म्हणाले, "चांगलं झालं, ताई. पण मी अजूनही सांगतो, तुम्ही फार मोठा धोका घेतलात. सायन्स अवघड असतं. उद्या नापास झाली, माफी बंद झाली, तर काय कराल?"

रुखमाबाईने पेटी वर चढवली आणि म्हणाली, "नापास झाली तं घरी येईल. तिचं घर काई स्कॉलरशिपवर नाई चालत."